खंडेनवमीचा फॉर्म

"ह्याला कुंकू कुठं लावायचं?" प्रतिमानं विचारलं. करंडा डाव्या हातात धरून ती पाटापुढं वाकून उभी होती.

पाटावर नटबोल्टचे पाने, हातोडी, नोझलची पेटी, मल्टिमीटर अशी सगळी हत्यारं ओळीनं मांडली होती. प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लागलं होतं, शेवंतीचं फूल मिळालं होतं. राहिला होता तो फक्त मोबाइल फोन.

"काचेवर नको," उमाकांत म्हणाला. "पाठीमागं लाव."

"पाठीमागं लावलं तर कुणाला दिसणार?"

"देवाला दिसतं."

"देवाला पाठीमागचं दिसतं तर कुंकू नसलेलंही दिसेल की," आतून त्यांची मुलगी भव्या म्हणाली. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि घरात असं बोलायची मुभा तिलाच होती.

प्रतिमानं फोनच्या पाठीला बोट टेकवलं. उमाकांतनं फोन हत्यारांच्या मधोमध ठेवला. त्याच्याखाली एक जाडसर पाकीट सरकवलं आणि मग कापूर लावला.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची ही खंडेनवमी उमाकांतच्या एक्कावन्न वर्षांतली एका अर्थी पहिलीच होती. बावीस वर्षं तो घराजवळच, चामराजपेटात, नरसिंहरावांच्या शेडमध्ये डिझेल जनरेटर दुरुस्त करत होता. दर खंडेनवमीला तिथली हत्यारं रॉकेलनं पुसून तो मांडायचा आणि पूजेला यजमान, म्हणजे मालक नरसिंहराव, बसायचे. एका वर्षी आरती होते न होते तोच एका थिएटरचा माणूस धावत आला. यजमानांनी पूजेतला पाना उचलला आणि उमाकांतच्या हातात दिला. तो गेला, जनरेटर चालू करून आला. यजमानांना त्या दिवशी दुप्पट पैसे मिळाले. हत्यारं आपली असती तर उचलली नसती, एवढं उमाकांतच्या मनात येऊन गेलं होतं.

मे महिन्यात त्यानं शेड सोडली. नरसिंहराव हसले होते. "जा की उमा. फोन तरी आहे का घरात? लाइट गेल्यावर माणसं तुला कबूतर पाठवणार काय?"

बोलणं टोचणारं होतं, पण खरं होतं. शहराबाहेर मारतहळ्ळीकडं नवी ऑफिसं उठत होती. तिथं लाइट गेली की दहा मिनिटांत मेकॅनिक हाताशी लागे. पेजर वाजला तर टेलिफोन बूथ शोधत फिरावं लागे. मोबाइल हवा होता, आणि मोबाइल अठरा हजारांचा होता.

रेसिडेन्सी रोडवरच्या डीलरकडं काउंटरला टाय लावलेला एक तरुण होता. उमाकांतनं भव्याशी मराठीत दोन शब्द बोललेले त्यानं ऐकले आणि त्याचा चेहराच बदलला.

"अरे, तुम्ही मराठी? मी यशोवर्धन, पुण्याचा. मग सर कशाला, काकाच म्हणतो." त्यानं खुर्ची ओढून दिली. "काका, सोपं आहे. आज अठरा हजार भरा, वर्षाचा करार करा. चौथ्या, आठव्या आणि बाराव्या महिन्याचं बिल आलं की ते ओरिजिनल बिल फॉर्मला लावायचं आणि बिलाच्या तारखेपासून पंधरा दिवसांत इथं द्यायचं. दर वेळी पाच हजारांचा चेक. कॅशबॅक स्कीम. म्हणजे फोन पडला किती? फक्त तीन हजार."

"आणि नाही आणून दिलं तर?"

"पाच हजार मिळताहेत काका. का नाही देणार?"

भव्यानं मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली होती. एक फॉर्म चुकला की पुढचेही सगळे रद्द. उमाकांतनं मान हलवली. बावीस वर्षांत तो एक दिवस कामावर उशिरा गेला नव्हता. त्याला त्यात भीती वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

अठरा हजार प्रतिमानं गल्लीतली चीटी, म्हणजे भिशी, उचलून दिले. चीटीचा हप्ता दर महिन्याला द्यायचा होता, फोनचं भाडं वेगळं. तीन चेक आले असते तर हप्त्यांची चिंता मिटली असती आणि धंदा अंग धरेपर्यंत वेळ मिळाला असता. नाही आले, तर शेडमध्ये परत जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हे तिघांनाही माहीत होतं, म्हणून कुणी बोलून दाखवत नसे.

फोनचा उपयोग मात्र झाला. आलेल्या फोनलाही मिनिटाला पैसे पडत, म्हणून उमाकांत "हां. कुठं? येतो," एवढंच बोलून बंद करी. गिऱ्हाइकांना वाटे, माणूस फार कामाचा दिसतो. चार महिन्यांत वर्षाची कामं देणारी तीन ऑफिसं त्याला मिळाली. आणखी चार-पाच मिळाली की गाडी रुळावर येणार होती.

चौथ्या महिन्याचं बिल पोस्टात कुठं अडकलं होतं कोण जाणे, मंगळवारी संध्याकाळी मिळालं. पंधरा दिवसांतले दोन उरले होते. भव्यानं लगेच फॉर्म भरला. आणि बुधवारी सकाळी उमाकांतनं तेच पाकीट फोनखाली ठेवून पूजा केली होती.

आरती झाली. चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटून झाला. भव्या चपला घालून दारात उभी राहिली.

"अण्णा, पाकीट कुठाय? मी बसनं जाऊन देऊन येते. दुकान आज दुपारपर्यंतच आहे, उद्या बंद. आणि शेवटची तारीख उद्याच."

उमाकांतनं पाटाकडं पाहिलं. "ते पूजेत आहे."

"पूजेत?"

"फोनचाच कागद आहे ना? फोनबरोबर ठेवला. आता उद्या संध्याकाळी पूजा हलवल्यावर."

"उद्या संध्याकाळी कोण घेणार? परवा गांधी जयंती. म्हणजे शनिवारच आला."

"मग शनिवारी. सणाचे दिवस कोण धरतं गं? लाइटच्या बिलाची तारीख सुट्टीला आली तर दुसऱ्या दिवशी घेतात की."

"ते सरकार आहे अण्णा. हे दुकान आहे."

प्रतिमा स्वयंपाकघराच्या दारात आली. "काढून द्या की. देव काय कागद धरून बसलाय? स्वल्प हळद झटकली की झालं."

पाकीट तिथंच होतं, हाताच्या अंतरावर. त्यावर फोन होता, फोनवर फूल. एक बोट लावलं की निघालं असतं. पण मग ही पूजा आणि यजमानांची पूजा यांत फरक काय राहिला असता, हे उमाकांतला बायकोला आणि मुलीला सांगता येईना. सांगितलं असतं तर त्या हसल्या नसत्या. तरी त्याला सांगता आलं नाही.

"आपली हत्यारं आहेत," तो शेवटी म्हणाला. "ठेवलेली उचलायची नाहीत."

तेवढ्यात फोन वाजला. तिघंही पाटाकडं वळली. फोन थरथरत होता आणि त्यावरच्या शेवंतीच्या पाकळ्या एकेक करून पाकिटावर गळत होत्या. कुणी हललं नाही. आठ-दहा वेळा वाजून तो गप्प झाला.

"गिऱ्हाईक असेल," प्रतिमा म्हणाली.

"असू दे. उचलला असता तर पैसे पडले असते," भव्या म्हणाली आणि तिनं चपला काढल्या.

शनिवारी शटर वर जाण्याआधीच उमाकांत रेसिडेन्सी रोडवर जाऊन उभा राहिला. यशोवर्धननं पाकीट उघडलं, बिलावरची तारीख पाहिली आणि हळूच कागद पुन्हा आत सरकवले.

"काका, गुरुवार शेवटचा होता."

"गुरुवारी दसरा. तुमचं शटर बंद."

"बुधवारी दुपारपर्यंत आम्ही होतो ना."

"बुधवारी कागद पूजेत होता."

यशोवर्धननं पाकीट उलटून पाहिलं. पाकिटाच्या कोपऱ्याला हळद लागली होती. "आमच्या घरीही होते पूजा," तो म्हणाला. "पण काका, तारीख गेली की कंप्युटर नोंदच घेत नाही. मी घेतो म्हटलं तरी घेत नाही."

"बिलच दोन दिवस आधी आलं."

"ते पोस्टाचं. त्याला कंपनी काय करणार?"

"फोन परत केला तर?"

"वर्षाचा करार आहे. आठ महिन्यांचं भाडं भरावंच लागेल."

उमाकांतनं पाकीट उचललं. यशोवर्धननं मागं मॅनेजरच्या केबिनकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मनाला लावून घेऊ नका काका. निम्म्याहून जास्त लोक विसरतात. त्यावरच तर ही स्कीम चालते."

"मी विसरलो नव्हतो," उमाकांत म्हणाला.

घरी आल्यावर प्रतिमानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि पान वाढलं. तिनं कधीही, पुढंही, त्या पाकिटाचा विषय काढला नाही. तिनं काढला असता तर बरं, असं त्याला अधूनमधून वाटे. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. एका ऑफिसनं दोन महिन्यांचं बिल थकवलं. चीटीच्या बाई दोनदा दाराशी येऊन गेल्या. डिसेंबरात एका सकाळी उमाकांत दाढी करून शेडमध्ये गेला.

नरसिंहराव टेबलाशी कॉफी पीत होते. त्यांनी बशी पुढं केली. अर्धी कॉफी तिच्यात ओतून दिली, पूर्वी द्यायचे तशी.

"ये उमा. यजमानकी झाली?"

"झाली."

"माझ्यावर रागावून गेला नव्हतास ना?"

"नाही."

"सरी, ठीक. पगार तोच. तुझी ती तीन ऑफिसं इकडंच आण." त्यांचं लक्ष त्याच्या शर्टाच्या खिशाकडं गेलं. "आणि फोनचं काय? भाडं चालूच असेल."

"अजून सहा महिने."

"ते मी भरतो. पण फोन ह्या टेबलावर राहील. सारखा तुझ्या खिशात वाजला तर गिऱ्हाईक कुणाचं ते कसं कळणार?"

उमाकांतनं कॉफी संपवली, बशी विसळून ठेवली. मग खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला, आणि चार्जर उद्या आणतो म्हणाला.

आठवड्यानं शिवाप्पा पेंटर बोर्ड नवा करायला आला. वर नरसिंहरावांचं नाव होतं, खाली पत्ता. त्याखाली त्यानं एक पांढरा पट्टा ओढून घेतला होता आणि आता तो शिडीवर बसून ब्रश तयार करत होता. शिडीचा एक पाय आखूड असल्यामुळं उमाकांत ती धरून उभा होता.

"नंबर एळी," शिवाप्पा वरून म्हणाला.

नरसिंहरावांनी खिसे चाचपले. "लक्षात राहत नाही बघ. लांबलचक आहे. उमा, सांग रे तुझा... आपला नंबर."

उमाकांतनं सांगायला सुरुवात केली. एक आकडा सांगायचा, तो रंगवून होईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. नऊ. आठ. चार. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, त्यांच्या आवाजात शिवाप्पाला ऐकू जावं म्हणून त्याला मोठ्यानं बोलावं लागत होतं. सहाव्या आकड्यापाशी तो थांबला.

"ते शून्य पुसा," तो म्हणाला. "सहासारखं दिसतंय. लोक चुकीच्या घरी फोन लावतील."

"चालतं की हो," शिवाप्पा म्हणाला.

"नाही चालत. नीट काढा."

शिवाप्पानं कुरकुरत टर्पेंटाइनचा बोळा फिरवला आणि शून्य पुन्हा काढलं, या वेळी गोल. आत टेबलावर फोन वाजला. नरसिंहरावांनी उचलला. "हां, बोला... आहे, आहे. पाठवतो," ते बोलत होते, सावकाश, ऐसपैस.

"पुढचा?" शिवाप्पानं विचारलं.

उमाकांतनं शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि वर बघत पुढचा आकडा सांगितला.