जावेचा लॅपटॉप

थोरल्या जावेचा आणि माझा लॅपटॉप एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेला. कंपनी तीच, मॉडेल तेच, रंगसुद्धा तोच. फरक एवढाच, की माझ्या लॅपटॉपसमोर तासभर बसलं की डोक्यात ठणका सुरू व्हायचा आणि संध्याकाळी ओकारी यायची. मी इमारतींचे नकाशे काढते. दिवसभर पडद्याला डोळे लावून बसायचं, त्यावरच माझं पोट.

डोळ्यांच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. नवरा म्हणाला, "तू टेन्शन फार घेतेस." जाऊबाईंनी तर निकालच लावून टाकला. "अगं, माझाही तोच आहे. मला कुठे काय होतं? काम अंगावर आलं की तुझं दुखणं बरोबर उपटतं." असा संताप आला होता! पण लॅपटॉप खरंच तोच होता.

मग साहेबांनी बजावलं, की आणखी एक नकाशा उशिरा आला तर ते दुसरं माणूस बघतील. मी तडक कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेले. तिथल्या मुलीने मोबाइलचा कॅमेरा पडद्यावर धरला. मोबाइलमध्ये काळे पट्टे सरकताना दिसले.

"हा लुकलुकतो," ती आवाज खाली आणून म्हणाली. "नुसत्या डोळ्यांना कळत नाही. कंपनी दोन-तीन कारखान्यांकडून पडदे घेते, ज्याचा माल हाताशी असेल तो बसवते. काही जणांना हा सोसत नाही."

"मग विकताना सांगत का नाही?"

तिने मोबाइल खिशात टाकला.

"बरं, बदलून तरी द्या."

"हाही नियमात बसतो, मॅडम. बदलून नाही मिळणार."

नवा घ्यायची ऐपत नव्हती. जाऊबाईंना सगळं सांगितलं, तर त्या हसल्या. "काहीतरीच तुझं! पण घे बाई माझा, होऊ दे तुझ्या मनाचं समाधान." त्या हिशेबापुरत्या जेमतेम अर्धा तास बसणार, त्यांना काय होतंय, असं मनाशी म्हणत मी अदलाबदल करून घेतली. आठवडाभरात तुंबलेलं सगळं काम उरकलं. साहेब चक्क "छान" म्हणाले.

रविवारी जाऊबाईंकडे गेले, तर पुतणी सोफ्यावर डोळ्यांवर उशी दाबून पडली होती. स्वयंपाकघरातून जाऊबाईंचा तोंडाचा पट्टा चालू होता. "परीक्षा तोंडावर आली आणि बाईसाहेबांना हे सुचतंय. काकूचंच वळण लागलंय."

मी तिच्याजवळ बसले. "लॅपटॉपवर अभ्यास करतेस का गं?"

"हो. रोज तीन-चार तास." तिने उशी बाजूला केली. डोळे लाल झाले होते. "आई म्हणते मी नाटक करते. काकू, आता मलाही वाटायला लागलंय, मी नाटकच करत असेन."

मला निदान माझं दुखणं खरं वाटत होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. पण ते बोलले असते तर लॅपटॉप परत करावा लागला असता, आणि मग नकाशे बंद.

जाऊबाई हात पुसत बाहेर आल्या. "काय म्हणतेय ती?"

"थोडं पडू द्या तिला, ताई," मी म्हणाले. पर्स उचलली आणि घरी निघाले.

सोमवारी मी दिवसभर बसून एक मोठा नकाशा पुरा केला. डोकं जराही दुखलं नाही.