गल्लीमल्लाचा नववा नियम

गल्लीमल्ल हे खेळातलं पात्र रचण्यात गॉर्डन प्रॉख्नोची दोन वर्षं गेली. तेवढ्या वेळात घराचं गळकं छप्पर तीनदा दुरुस्त झालं असतं, असं त्याची बायको येईल त्याला ऐकवायची. तिचं काही चूक नव्हतं. पण अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या दक्षिण भागातल्या त्या तळघरात दर रविवारी दुपारी जी माणसं कागद, पेन्सिली आणि वीस पैलूंचे फासे घेऊन बसायची, त्यांना छपराचं काय पडलेलं असणार? तीन तास ती एका कल्पनेतल्या राज्यात भटकायची. प्रत्येकाचं एक पात्र, आणि गॉर्डन खेळ चालवणारा. पुठ्ठ्याचा पडदा उभा करून त्याच्या आड आपले कागद लपवून तो बसायचा. पडद्याआड हात घालायचा नाही, हा त्या टेबलाचा पहिला धर्म.

खेळाच्या पुस्तकात सरदार होते, जादूगार होते, चोर होते. गल्लीत वाढलेला, चिलखत न घालणारा, हाताला लागेल ते उचलून हाणणारा माणूस मात्र त्यात नव्हता. तो गॉर्डननं घडवला. अरुंद बोळात त्याची ताकद दुप्पट, मोकळ्या मैदानात निम्मी. स्टूल, पिंपाचं झाकण, बिअरचा मग, काहीही त्याचं हत्यार. आठवा नियम सगळ्यात देखणा होता: सोबती पळत असतील तर गल्लीमल्ल बोळाचं तोंड अडवून उभा राहतो, आणि शेवटचा सोबती सुखरूप पोचेपर्यंत, अंगात जीव उरला नसला तरी, पडत नाही. मग पडतो.

खेळाडूंच्या कागदावर आठच नियम होते. नववा फक्त गॉर्डनच्या कागदावर होता. खेळ चालवणाऱ्यानं एखादी गोष्ट स्वतःपाशी ठेवायची पद्धतच आहे. खेळाडूंना ती आपणहून सापडली तर सापडली, सुचवायची नाही.

आता हा गल्लीमल्ल खेळत होता लाइल क्रुकोव्स्की, आणि गॉर्डनची झोप उडाली होती ती त्यामुळंच.

एकतीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी हे दोघं, एकोणिसाव्या वर्षी, खेळाचं पुस्तक बगलेत मारून घरी चालले होते. कोपऱ्यावरच्या दारूच्या अड्ड्याबाहेर तिघा टग्यांनी गॉर्डनचं पुस्तक हिसकावलं. लाइल मधे पडला. गॉर्डननं धूम ठोकली. मदत आणायला चाललोय, असं तो स्वतःला बजावत होता, आणि थेट घरी गेला. लाइलचा उजवा हात कुणाच्या तरी बुटाखाली चिरडला. दोन बोटं पुन्हा मिटली नाहीत, आणि पुढच्या सोमवारपासून लागणारी यंत्रशाळेतली नोकरी गेली. गॉर्डन एकदा इस्पितळाच्या जिन्यापर्यंत गेला आणि मागं फिरला. मग उशीर झाला म्हणून जाववेना, आणि जाववेना म्हणून आणखी उशीर. तेवढ्यात लाइल दूर उत्तरेला, डुलुथ गावी निघून गेला.

यंदा आई वारल्यावर तिचं घर सांभाळायला तो परतला. बेकरीत रविवारच्या गरम हॅम आणि पावांच्या रांगेत दोघं एकमेकांसमोर आले. "अजून फासे टाकतोस?" लाइलनं विचारलं. गॉर्डननं त्याला घरी बोलावलं. तीन रविवार झाले, हॅमवर बोलणं झालं, हवेवर झालं. त्या संध्याकाळबद्दल गॉर्डनच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं. जे तोंडानं जमेना ते खेळात घडेल, अशी या शहाण्याची आशा.

चौथ्या रविवारी तो प्रसंग आला. भाडोत्री शिपायांनी सगळ्यांना बोळात कोंडलं. दिवे घेऊन पुढं चाललेला एक नोकर, गॉर्डनचंच किरकोळ पात्र, पहिल्या घावालाच पळाला.

"तुम्ही दोघं सुटा," लाइल म्हणाला. "मी अडवतो."

"आग्रहच करतोयस तर निघतो बाबा," टेड म्हणाला. टेड बस चालवायचा आणि खेळात चोर व्हायचा. मार्सी नर्स होती. तिची जादूगारीणही त्याच्यामागून भिंतीपलीकडं उतरली. दोघांनी पावाला हात घातला.

गॉर्डन घुटमळला. "कुणी मागं वळून बघतंय का?"

"नाही," टेड म्हणाला.

"परत विचारतो. कुणीच नाही?"

टेडनं पाव खाली ठेवला. "हा दोनदा विचारतोय, मार्सी. पाणी मुरतंय कुठंतरी."

"मग मी वळते," मार्सी म्हणाली.

"अजिबात नाही," लाइल म्हणाला. "त्यानं खुणावलं म्हणून वळतेस होय? हा रडीचा डाव झाला. तू भिंतीपलीकडं आहेस, तिथंच राहा. मला पडू दे."

"थांबा," गॉर्डन म्हणाला. "दिवेवाला परत येतोय."

"तो? तो तर पहिल्या घावालाच पळाला. होता कुठं इतका वेळ?" लाइलनं विचारलं.

विहिरीत, गवताच्या गंजीत, काहीही सांगता आलं असतं. "घरी," गॉर्डन म्हणाला. "दाराला कडी लावून, बूट न काढता पलंगावर बसला होता."

मार्सी आणि टेडनं एकमेकांकडं पाहिलं. लाइलनं अधू हात पडद्याआड घातला, गॉर्डनचा कागद ओढून घेतला आणि नववा नियम मोठ्यानं वाचला. "पळालेल्यांपैकी एकानं जरी परत येऊन गल्लीमल्लाच्या खांद्याला हात लावला, तर दोघंही जगतात."

त्यानं कागद टेबलावर ठेवला. "हा खोड."

"लाइल, मी..."

"खोड म्हणतो ना. त्या संध्याकाळी 'पळ' असं ओरडलं कोण? मीच ना? तू परत आला असतास तर तुलाही तुडवलं असतं त्यांनी. मग मी कशासाठी उभा होतो तिथं?"

गॉर्डननं कागद स्वतःकडं ओढला.

"गल्लीत तू मला नकोच होतास," लाइल म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच गॉर्डनला सोसवेना. "दुसऱ्या दिवशी इस्पितळात हवा होतास. आई विचारायची, गॉर्डन कसा आला नाही रे? मी म्हणायचो, सर्दी झाली असेल. दहा दिवस सर्दीच चालली होती तुला."

दोन वर्षं घासून घासून गॉर्डननं नियम लिहिला होता, आणि तो चुकीच्या दिवसाचा होता. गॉर्डनला इतकं ओशाळं कधीच वाटलं नव्हतं, त्या पलंगावरसुद्धा नाही. त्यानं पेन्सिल घेतली आणि नववी ओळ खोडली. गल्लीमल्ल पडला.

मेलेल्या पात्राचा कागद खेळाडूनं स्वतःच्या हातानं तळघराच्या तुळईला टाचायचा, असा रिवाज होता. लाइल उठला. त्याच्या बोटांतून टाचणी दोनदा निसटली. दुसऱ्यांदा गॉर्डननं ती उचलली, पण टाचायला पुढं झाला नाही. लाइलच्या तळव्यावर ठेवली आणि तो हात तसाच धरून राहिला.

"हात कसा आहे?" त्यानं विचारलं.

लाइलनं तो सोडवून घेतला नाही.

"थंडीत दुखतो," तो म्हणाला.

बाहेर नोव्हेंबर होता, आणि त्या गावात थंडी एप्रिलपर्यंत हलत नाही.