मुकाविरच्या डोंगरावरची साक्ष

संत योहानाच्या शिरच्छेदाच्या सणाला मदाब्याहून चर्चची बस मुकाविरला निघाली. नजला जाणारच नव्हती. मुलगा गेल्यापासून तिने चर्चची पायरी चढली नव्हती. पण थोरली जाऊ वदाद सकाळीच दारात येऊन उभी राहिली.

"चल गं, उम्म फारिस. भिंतींशी किती दिवस बोलत बसणार आहेस?"

फारिस मातीत गेला तरी लोक तिला फारिसची आई म्हणूनच हाक मारत. ती हाक ऐकली की तिला नाही म्हणता येत नसे. ती निघाली.

डोंगरावर हेरोद राजाच्या किल्ल्याचं फारसं काही उरलेलं नाही. जोती, कोरडी टाकी आणि पुन्हा उभे केलेले काही खांब. तिथल्याच अंगणात हेरोदाच्या पाहुण्यांपुढे त्याची सावत्र पोरगी नाचली आणि बक्षीस म्हणून तिने योहानाचं मुंडकं मागितलं, हे तिथल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक होतं. मंडळी दगडांवर टेकली. चर्चचे धर्मगुरू अबूना बुत्रुस यांनी शुभवर्तमान उघडलं.

ह्याच किल्ल्यात कैदेत पडलेल्या योहानाने येशूला निरोप धाडला होता, की यायचा तो तूच का, की आम्ही आणखी कुणाची वाट बघायची? उत्तर आलं, आंधळ्यांना दिसतंय, लंगडे चालतायत, मेलेले उठतायत.

नजलाने हे आयुष्यभर ऐकलं होतं. आज पहिल्यांदाच तिच्या ध्यानात आलं, की तुझी सुटका होईल असं त्या उत्तरात कुठेच नव्हतं. दुसऱ्यांचे मेलेले उठत होते आणि हा इथे खाली अंधारात बसून ते ऐकत होता. ज्याच्यासाठी त्याने वाट तयार केली, तो आलाच नाही. तरी योहानाने त्याला आपला मानलं असेल? की सैनिक येईपर्यंत नुसता दाराकडे बघत राहिला असेल? तिला अबूनांना विचारायचं होतं. पण तेवढ्यात ते म्हणाले, "आता वदादबाई साक्ष देतील."

वदाद उठली. तिच्या शेजारी रशा नावाची मुलगी आणि तिची आई बसली होती. वदादच्या मुलाचं, सुहैलचं, रशाशी लग्न जुळत आलं होतं; तोही तिथेच मागे बसला होता.

"माझ्या सुहैलचं दुखणं तुम्ही बघितलंत," वदाद म्हणाली. "डॉक्टरांनी हात टेकले. मी संत योहानाला नवस बोलले, तीन दिवस पाणीसुद्धा घेतलं नाही. पोरगा खडखडीत बरा झाला. ना कापाकापी, ना काही. विश्वास हवा, देव ऐकतो. विचारा ना माझ्या जावेला, ती घरातलीच आहे. खरं ना गं?"

सगळ्यांनी नजलाकडे बघितलं. आपल्याला बसमध्ये कशासाठी आणलं, ते तिला तेव्हा कळलं.

"सुहैल," ती म्हणाली, "शर्ट वर कर."

"काकू, नको."

"वर कर. माझा फारिस आहे तिथे. मला बघू दे."

सुहैलने आईकडे बघितलं, मग मान खाली घालून शर्ट वर केला. पोटाच्या उजव्या बाजूला लांब वण होता.

"ही किडनी माझ्या मुलाची," नजला रशाच्या आईला म्हणाली. "पुढे त्याची उरलेली निकामी झाली. तेव्हा हिच्या घरात आणखी दोन धडधाकट मुलगे होते. एकही तपासणीला आला नाही."

"आई आहे मी," वदादचा आवाज जराही हलला नाही. "एक कसाबसा वाचवला, तर दुसरा कापायला देऊ? तू दिला असतास? आणि माझ्या प्रार्थनेत जोर होता. तुझ्यात विश्वास असता तर तुझाही वाचला असता."

अबूना खाली बघत पुस्तकाची पानं नीट करत राहिले.

रशाची आई उठली. रशा जागची हलली नाही. "आई, मला माहीत होतं. सुहैलनेच सांगितलं होतं."

"मला नव्हतं माहीत," आई म्हणाली आणि तिला दंडाला धरून उतरणीला लागली.

सुहैल शर्ट खोचत नजलापाशी आला. "ह्याच आठवड्यात मी तिच्या आईला सांगणार होतो, काकू. फारिसचं नाव घेऊन सांगणार होतो. तुम्ही मला उघडं केलंत ते कुणाला दाखवायला?"

वदादचा चेहरा पडला होता, तिकडे नजला बघत होती, आणि बघताना तिला बरं वाटत होतं.

परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. पुढच्या बाकावरून वदादने वळून विचारलं, "पडली थंडक?"

"पडली," नजला म्हणाली.

लग्न मोडलं. फारिस गेल्यापासून दर शनिवारी सुहैल नजलाकडे चहाला यायचा. ती त्याला आपल्या डावीकडे बसवायची, म्हणजे त्याची उजवी बाजू तिच्याकडे राहायची. आता तो यायचा थांबला आणि हिवाळ्यात अम्मानला राहायला गेला. त्याचा तिथला नंबर विचारायला तिने दोनदा त्याच्या घरी फोन केला. दोन्ही वेळा वदादने उचलला.