सतराव्या पानावरची माणसं

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अहवालात ‘ठळक कामगिरी’ नावाचं एक पान असतं. बाकीचा अहवाल कुणी वाचत नाही. हे पान मात्र कार्यकारी मंडळ वाचतं, म्हणून ते आमचे साहेब स्वतः लिहितात. यंदा त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “ताई, शुद्धलेखन तेवढं बघून घ्या.”

शुद्धलेखन चोख होतं. मजकूर वाचून मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यात वर ‘नवीकोरी मोहीम’ होती. मोठ्या अक्षरांच्या सगळ्या पुस्तकांतल्या पेन्सिलच्या खुणा स्वयंसेवकांनी खोडल्या, पानं पुसली, नवी वेष्टणं चढवली, याचं साग्रसंगीत वर्णन. आणि सगळ्यात खाली एकच ओळ: ‘वाचकांच्या अल्प प्रतिसादामुळे घरपोच सेवा बंद करण्यात येत आहे.’

घरपोच सेवा म्हणजे मी आणि गाडी चालवणारे मामा. ज्यांना जिना उतरता येत नाही, ज्यांचे गुडघे गेलेत, ज्यांना कुणी घेऊन येणारं नाही, त्यांच्या दारात आम्ही पुस्तकं नेतो. हे काम मी केस काळे असल्यापासून करते आहे. ते एका ओळीत संपलेलं बघून मी तो कागद घेऊन सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेब वाईट नाहीत, हे आधीच सांगते. वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान, सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, आणि गळका नळही स्वतः दुरुस्त करणारे. फक्त एक खोड आहे. कागदावर जे दिसतं तेच त्यांना दिसतं.

“अल्प प्रतिसाद म्हणजे काय हो?” मी विचारलं.

“ताई, निम्म्या लोकांनी पुस्तकं घेणं थांबवलंय. तुम्हीच तर नोंदवलंत. ती गाडी मला शाळांसाठी हवी आहे. तिथं मुलं वाट बघतायत.”

“माझेही वाट बघतात.”

“ते नको म्हणाले आहेत.”

“नको म्हणाले. का नको म्हणाले, ते कुणी विचारलं?”

त्यांनी विचारलं नव्हतं. खरं तर मीही विचारलं नव्हतं. म्हातारी माणसं ‘आता डोळे दुखतात’ म्हणाली की आपण मान डोलावतो. पण इतक्या जणांचे डोळे एकाच हंगामात कसे दुखायला लागतील? ही काय डोळ्यांची साथ आहे?

“छापखान्याचा माणूस उद्या पाच वाजता येतो,” साहेब म्हणाले.

“मग पाचपर्यंत माझं ऐकायची तयारी ठेवा,” मी म्हणाले आणि बाहेर आले. केबिनचं दार जरा जोरात लागलं. ते वाऱ्यानं लागलं असं मी देवघेव टेबलावरच्या मुलीला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी गाडी काढली. मामा पूर्वी मालवाहू ट्रक चालवायचे, आणि अजूनही पुस्तकांची खोकी फ्रिज उचलावा तशी वाकून, सांभाळून उचलतात. आज खोकी नव्हती. “रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायचं म्हणजे कसंतरीच वाटतं,” ते म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं, पण मी म्हटलं, “आज घ्यायला चाललोय, द्यायला नाही.”

पहिलं घर पोस्टमास्तरांचं. चौथा मजला, लिफ्ट कायमची आजारी. पोस्टमास्तरांना निवृत्त होऊन जमाना लोटला, तरी घरात इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. दार उघडून त्यांनी आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

“पुस्तक नकोय म्हणालो होतो.”

“आणलंच नाहीये. का नको, तेवढं विचारायला आले.”

“डोळे दुखतात.”

“खोटं बोलता. टेबलावर पेपर आहे, आणि शब्दकोडं भरून झालंय.”

पोस्टमास्तर खुर्चीत बसले. बराच वेळ शर्टाची बाही सारखी करत राहिले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “ती टाका कधी गेली?”

“कोण टाका?”

“सतराव्या पानावरची.”

आता हे समजावून सांगायला हवं. आमच्या घरपोच वाचकांची फार जुनी पद्धत आहे. पुस्तक वाचून झालं की सतराव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलनं आपली खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा आलं तर आपण वाचलंय हे कळतं. पहिल्या पानावर केली तर आम्हाला दिसेल आणि आम्ही ओरडू, म्हणून सतराव्या पानावर. पोस्टमास्तरांची खूण म्हणजे शिक्क्यासारखं गोल. दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या टेलरबाईंची खूण शिवणाच्या टाक्यासारखी छोटी फुली. मला हे सगळं ठाऊक होतं. साहेबांनी खुणा खोडायचं ठरवलं तेव्हा मी भांडलेही होते. त्यावर ते म्हणाले, कुणी काय वाचलंय ते आता संगणक सांगतो, वाचलेलं पुस्तक कुणाला पुन्हा जाणार नाही. आणि ते खरंच होतं. एकही पुस्तक कुणाला दुसऱ्यांदा गेलं नाही, म्हणून मीही तो विषय सोडून दिला होता.

“ती नेहमी माझ्या पुढं असायची,” पोस्टमास्तर सांगू लागले. “कुठलंही पुस्तक येऊ दे, आधी टाका हजर. टाक्याखाली रेघ असली की समजायचं, बाईंना आवडलंय. मग मी वाचायचो. रेघ नसली की पुस्तक बाजूला. एकदा रेघ असून पुस्तक इतकं रटाळ निघालं की आठवडाभर मनातल्या मनात भांडलो तिच्याशी. आणि मग एकदम टाके दिसेनात. एक पुस्तक, दोन पुस्तकं. म्हटलं आजारी असेल. पुढं मासाही दिसेना, छत्रीही दिसेना. सगळेच एकामागून एक...” त्यांनी हात हवेत उडवला. “या वयात काय समजायचं माणसानं?”

वाचलेलं पुस्तक यांच्याकडे पुन्हा आलंच नव्हतं. म्हणजे स्वतःचं गोल पुसलं गेलंय हे यांना दिसलंच नाही. दिसलं ते एवढंच, की बाकीच्यांनी येणं थांबवलंय.

“मामांना विचारायचं होतंत,” मी म्हटलं.

“विचारलं की खरं होतं,” ते म्हणाले.

कुणी काय वाचलं हे दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. इतकी वर्षं मी तो मोडला नव्हता. त्या खोलीत मी तो मोडला, आणि मला त्याचं तसूभरही वाईट वाटलं नाही.

“टाका जिवंत आहे,” मी म्हणाले. “ठणठणीत आहे. गेल्याच महिन्यात तिनं मला जिन्यात उभं करून झापलंय. खुणा आमच्या साहेबांनी खोडल्या. पुस्तकं चकाचक दिसावीत म्हणून.”

पोस्टमास्तरांनी चष्मा काढला. मला वाटलं रडतात की काय. ते म्हणाले, “तुमच्या साहेबांना जरा इकडं पाठवून द्या.”

टेलरबाईंकडे जायला गाव ओलांडावं लागतं. त्यांच्या मशीनवर आता कुंड्या आहेत, पण गळ्यात मोजपट्टी अजून असते. मी गोलाचा विषय काढला मात्र, बाईंनी खाली बघितलं.

“गेला ना? मला कळलंच होतं. आवड तशी यथातथाच होती हो त्याची. मी रेघ मारली तरी हा आपला वाचेल तेव्हा वाचेल. पण माणूस नियमित होता. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा आलं आणि त्यात गोल दिसलं की बरं वाटायचं, मागून कुणीतरी येतंय म्हणून.”

“बाई, तो जिवंत आहे.”

“काय सांगतेस!” म्हणून त्या उभ्या राहिल्या, आणि गुडघ्यांची आठवण होऊन लगेच बसल्या. मग खरी हकिगत ऐकून त्यांनी साहेबांचा असा काही उद्धार केला की मामा जिन्यात जाऊन उभे राहिले. शेवटी म्हणाल्या, “आणि मासा? तो कसा आहे? फार बारीक काढायचा, कल्ले आणि शेपटीसकट. माझ्या रेघेशेजारी मुद्दाम दोन मासे काढायचा कधीकधी.”

मासा म्हणजे पोहायला शिकवणारे मास्तर. कमरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणात. त्यांनीही पुस्तकं बंद केली होती आणि तेव्हापासून त्यांच्या गल्लीत आमची गाडी वळलीच नव्हती. “विचारून सांगते,” मी म्हटलं.

वाचनालयात परतले तेव्हा दुपार झाली होती. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ताई, हे विचित्र आहे, वाईटही आहे. पण सार्वजनिक पुस्तकात खुणा करणं नियमात बसत नाही. दोन माणसांच्या गैरसमजावर मी मंडळापुढं काय सांगू?”

“मंडळापुढं नंतर सांगा. आधी तिसऱ्याला सांगा. तुमच्या तोंडानं.”

“आत्ता? मला पाचला...”

“घोडं तिथंच पेंड खातंय, साहेब. तुम्ही वाचकांबद्दल लिहिता आणि वाचकांच्या दारात कधी गेला नाहीत. चला उठा.”

कदाचित माझा आवाज वाढला असेल. देवघेव टेबलावरची मुलगी आत डोकावून गेली. साहेबांनी अहवालाची फाईल काखेत मारली आणि निघाले. गाडीत माझ्या आणि मामांच्या मध्ये ते अवघडून बसले होते. वाटेत ते मनाशी वाक्यं जुळवत होते, ते ओठांवरून कळत होतं.

मास्तरांचं घर तळमजल्यावर होतं. दार त्यांच्या सुनेनं उघडलं. ओला हात पदराला पुसत तिनं मला ओळखलं आणि तिचा चेहरा बदलला.

“तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं,” ती म्हणाली. “बाबा गेले. महिना होऊन गेला.”

आत पलंग उभा करून भिंतीला टेकवला होता. आम्ही तिघं मधल्या खोलीत उभे राहिलो. साहेब जुळवलेली वाक्यं बहुतेक पार विसरले असावेत. सून आत जाऊन एक पुस्तक घेऊन आली. नव्या वेष्टणातलं, नव्याकोऱ्या पानांचं.

“हे तुमचं द्यायचं राहिलं होतं. रागावू नका, यात त्यांनी पेन्सिलनं काहीतरी काढलंय. मी पुसणार होते, पण हात होईना.”

साहेबांनी पुस्तक घेतलं. कुठलं पान ते मी सांगायची गरज पडली नाही. पांढऱ्याशुभ्र कोपऱ्यात एकच मासा होता. कल्ले वाकडे झाले होते. आजूबाजूला कुणीच नव्हतं.

“हे झाल्यावर पुढचं नको म्हणाले,” सून सांगत होती. “मी किती समजावलं. वाचन एवढाच तर विरंगुळा होता. तर म्हणायचे, कुणी उरलंच नाही बरोबरचं. टाकाही गेली, गोलही गेला, मी एकटाच मागं राहिलोय. आम्हाला वाटायचं भ्रम झालाय. ही कोण माणसं, आम्हाला तर ठाऊकच नव्हती. शेवटच्या दिवशीसुद्धा तेच. सगळे पुढं गेले म्हणाले.” तिनं आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. “खरंच होती का हो अशी कुणी माणसं?”

मी साहेबांकडे बघितलं. मी उत्तर देणार नव्हते.

“होती,” साहेब म्हणाले. “आहेत. दोघंही आहेत. ती गेली नव्हती. खुणा मी खोडायला लावल्या.”

सुनेला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती रागावली नाही. तिनं तोंडाला पदर लावला आणि पाठ फिरवून पलंगाकडे बघत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. साहेबांनी तिची माफी मागितली, दोनदा. तिनं मान हलवली, पण वळली नाही. मला त्या क्षणी साहेबांचा राग येत नव्हता. मला त्या माणसाचं वाईट वाटत होतं, ज्यानं पाण्याला भिणाऱ्या शेकडो मुलांना हात धरून तरंगवलं आणि जो आपल्या मागं-पुढं कुणी नाही असं समजून गेला.

गाडीत बसल्यावर साहेबांनी छापखान्यात फोन लावला. “आज येऊ नका. ठळक कामगिरीचं पान बदलतंय. नाही, शुद्धलेखनाचं नाही. नाही, तारीख सांगता येत नाही.” फोन ठेवून त्यांनी फाईल उघडली आणि ‘नवीकोरी मोहीम’पासून शेवटच्या ओळीपर्यंत अख्ख्या पानावर काट मारली.

“मंडळ विचारेल,” मी म्हटलं.

“विचारू दे. काय केलं ते लिहीन.” ते समोर बघत होते. “ताई, पुस्तकं बंद केलेली आणखी किती घरं आहेत?”

“पुष्कळ.”

“त्या सगळ्यांना असंच वाटतंय?”

“तसंच वाटत असणार.”

“मग उद्यावर नको,” साहेब म्हणाले. “मामा, जवळचं घर कुठलं?”

जवळचं घर छत्रीचं होतं. एक आजी, नातवाकडे राहणाऱ्या, दुसऱ्या मजल्यावर. मी जिना चढत होते तोवर साहेबांचं वर पोचून बेल वाजवूनही झालं होतं. दार साखळीपुरतं किलकिलं झालं आणि फटीतून अर्धा चेहरा दिसला.

“पुस्तक नको,” आजी म्हणाल्या. “डोळे दुखतात.”

“पुस्तक नाही आणलं, आजी. सांगायला आलोय.” साहेबांना दम लागला होता. “सगळे आहेत. टाका आहे, गोल आहे. सगळे जिवंत आहेत.”

साखळीवरचा त्यांचा हात तेवढा दिसत होता.

“एक सोडून,” साहेब म्हणाले.

“कोण?” आजींनी विचारलं.

साहेबांनी सांगितलं. आजींनी साखळी काढली, दार पूर्ण उघडलं, आणि आम्हाला आत या म्हणाल्या.