दुर्वाचा नवा पाय

"पोरगी वाढत राहील ताई, पाय न्हाई वाढणार. रोज पाय काढून आतली कातडी बघत जा," शिबिरात कृत्रिम पाय बसवणाऱ्यानं दुर्वाच्या आईला, तृप्तीला बजावलं होतं. तिनं ते कानाआड केलं. मशीननं माप घेऊन बनवलेल्या कार्बनच्या पायात खोट कशी निघेल?

पायाची निगा मात्र तिनं डोळ्यांत तेल घालून राखली. त्यावरची अंतरवाली गावची धूळ पुसायची, स्क्रू तपासायची. शेजारणी यायच्या. "दुर्वे, पळून दाखव गं!" दुर्वा पळायची, तृप्ती हरखायची.

काल दुर्वा लंगडायला लागली. तृप्तीनं पाय उतरवला, तर गुडघ्याखाली जखम चिघळलेली आणि आत घालायचे मऊ मोजे गायब.

"मोजे कुठंयत?"

"पाय घट्ट होऊन राह्यला होता. साजिया फोनवर म्हनली, मोजे काढले की बराबर बसतो."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

"तू पाय काढून घेतला असता."

डॉक्टरांनी तेच केलं. जखम भरेपर्यंत पाय बंद, मग नवं माप. तृप्ती चरफडली, पण ओरडणार कुणावर?

साजियाला पाय त्याच शिबिरात मिळालेला, म्हणजे तिनंही मोजे काढले असणार. तिच्या आईला तृप्तीनं फोन लावला. "बिलकुल ठीक है, दौड़ती है," म्हणत त्यांनी हसून ठेवला. आता तर उचलतच नाहीत. परतूरच्या बाजारामागं त्यांचं घर आहे. तिकडं कुणी राहत असाल तर तृप्तीसाठी एवढं करा, साजियाच्या घरी जा आणि तिचा पाय उतरवून बघा. विचारलं तर ती सांगणार नाही.