उंटापुढचं प्यादं

कवळ्या बनवणाऱ्या माणसाला वाटतं, जगातली कुठलीही गोष्ट थोडी घासली की बसते. आपल्या कवळीवाल्यालाही तसंच वाटायचं. पण गेले सात रविवार एक प्यादं त्याच्या डोक्यात काही केल्या बसत नव्हतं.

प्रकरण असं होतं. दर रविवारी चार वाजता तो व्याह्यांकडे बुद्धिबळ खेळायला जायचा. बुद्धिबळ हे निमित्त, खरं कारण मुलगी. चार वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं लग्न ठरवलं तेव्हा हा भडकला आणि तिच्या तोंडावर म्हणाला, "त्या घरात मी पाण्याचा थेंबसुद्धा घेणार नाही." लग्न व्हायचं ते झालंच. बापलेकीचं बोलणं मात्र बंद पडलं. शेवटी दोन महिन्यांपूर्वी व्याह्यांनीच फोन केला, "अहो, मला खेळायला कुणी नाही, या की." हा लगेच गेला. रागाच्या भरात बोललेलं कोण लक्षात ठेवतं, असं त्यानं स्वतःपुरतं ठरवूनही टाकलं.

मुलगी आतल्या खोलीत असायची. पाच वाजता ती सासऱ्यांचा चहा घेऊन बाहेर येते, हे व्याह्यांच्या बोलण्यातून त्याला कळलं होतं. म्हणजे पाचपर्यंत टिकायला हवं. आणि हा सव्वाचारलाच हरायचा. हरल्यावर उगाच बसून राहायला तोंड कुठलं? चपला घालायच्या आणि घर गाठायचं.

हरायचाही एकाच रीतीनं. व्याही आधी वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवायचे. हाही आपलं तसंच सरकवायचा. मग ते आपल्या प्याद्याशेजारचं, उंटापुढचं प्यादं पुढं करायचे, अगदी 'घ्या, मारा' म्हणून. कवळीवाला मारायचा. मारलेलं प्यादं डाव्या मुठीत धरायचा, आणि ज्या प्याद्यानं मारलं ते वाचवायला बाकीची प्यादी ढकलत सुटायचा. सहाव्या चालीला व्याह्यांचा वजीर तिरका नेम धरून कोपऱ्यातल्या हत्तीवर रोखला जायचा, की खेळ खलास.

"आवळा देऊन कोहळा काढतात ते," बायको म्हणाली. "घेता कशाला तुम्ही?"

"समोर ठेवलेलं सोडून देऊ?"

"मग हरा."

ज्यांच्यासाठी तो कवळ्या बनवायचा त्या दातांच्या डॉक्टरांना खेळाचा नाद होता. त्यांनी एका जुन्या मासिकातलं पान काढून दिलं. कुणा उस्तादानं ह्याच सुरुवातीला काळ्या सोंगट्यांनी कसं तोंड दिलं, तो अख्खा डाव त्यात होता. एकोणचाळीस चाली, शेवटी बरोबरी. एकोणचाळीस म्हणजे पाच कशाला, सहा वाजतील, असा हिशेब करून कवळीवाला खूश झाला.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं कामाच्या टेबलावर, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेपुढं पट मांडला. एक काळा घोडा हरवला होता, तिथं प्लास्टरची दाढ ठेवली. उस्तादानं प्यादं मारलं. शाबास. आता ते कसं राखतो बघू, म्हणून हा पुढं सरसावला. तर उस्तादानं काहीच केलं नाही. घोडा बाहेर काढला, बस. पांढऱ्याचा उंट आला आणि काळ्याचं ते प्यादं मारून गेला. उस्ताद शांतपणे दुसरंच काहीतरी खेळला.

छापण्यात चूक असेल म्हणून त्यानं पुन्हा पहिल्यापासून मांडलं. पुन्हा तेच. सलग चार दिवस डबा निवला, पण उत्तर मिळेना. सोडायचंच होतं तर घेतलं कशाला? आणि घेतलंच, तर सोडलं कसं?

"सोडलं की बाकीच्यांना बाहेर यायला वेळ मिळतो," डॉक्टर एका पेशंटच्या तोंडात आरसा धरून म्हणाले.

"कसला वेळ?"

पेशंटही आ वासलेल्या तोंडानं काहीतरी बोलला. तेही ह्याला समजलं नाही.

शुक्रवारी एक आजी कवळी परत घेऊन आल्या. जेवताना टोचते म्हणे. त्यानं दातांत कार्बनचा कागद धरून चावायला सांगितलं. एका दाढेवर निळा ठिपका उमटला. तेवढा उंचवटा त्यानं घासला आणि आजींचं अख्खं तोंड नीट मिटलं. त्या क्षणी प्याद्याबद्दल काहीतरी कळल्यासारखं झालं, पण धरायला जावं तर निसटलं.

रविवारी व्याह्यांनी प्यादं पुढं केलं. ह्यानं मारलं, मुठीत धरलं. बाजूचं प्यादं ढकलायला हात शिवशिवत होता. पण त्यानं घोडा काढला.

व्याह्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे काय नवीन?"

"मलाही माहीत नाही."

उंट आला, ह्याचं प्यादं गेलं. आणि काहीच झालं नाही. हत्ती जागेवर, राजा जागेवर. साडेचार झाले. पावणेपाच झाले. आपण का जिवंत आहोत हे त्याला कळत नव्हतं, पण जिवंत होता.

पाच वाजता पडदा हलला. मुलगी बाहेर आली. हातात एकच कप. तो तिनं सासऱ्यांपुढं ठेवला. कवळीवाल्यानं दाराकडं पाहिलं. दुसरा कप मागून येत असेल. कुणी आलं नाही. तो गोंधळला. टिकला तर होता.

"अगं, बाबांना?" व्याही म्हणाले.

"बाबा ह्या घरात पाणीसुद्धा घेत नाहीत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. आज दूध कमी द्या, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

मूठ दुखायला लागली तेव्हा ती अजून आवळलेलीच आहे हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं ती उघडली. तळव्यावर प्याद्याच्या बुडाचा गोल वळ उठला होता. प्यादं पटाच्या कडेला ठेवायला त्याला जरा वेळच लागला.

"पाणी मिळेल का?" तो म्हणाला. मान वर करायचा धीर झाला नाही.

मुलगी पडद्यापर्यंत गेली आणि वळली.

"थंड नको ना?" ती म्हणाली. "तुमची दाढ ठणकेल. साधं आणते."