मौन घेतलेला फोन

रांग तळघरातून निघून जिना चढून वरच्या दरवाजापर्यंत आली होती, आणि एवढ्या माणसांत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सगळे हृदयाचे रुग्ण. कुणी सुनेच्या खांद्यावर भार टाकून उभं, कुणी चाकांच्या खुर्चीत. तळघराचा दिवा मधूनच फडफडे, तसे सगळे एकदम वर बघत.

रांगेच्या टोकाला, यंत्रखोलीच्या बंद दारापाशी, महाराज बसले होते. आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांना लहरमहाराज म्हणायचो, कारण त्यांच्या तोंडी दर वाक्याला एक लहर असायची.

"फोनला मौन द्या," ते पुढच्या आजोबांना म्हणाले. "बाहेरच्या लहरी दूषित झाल्यात. ते छोटं विमान दिसतंय ना? ते दाबा. हं, आता कान इकडे करा."

त्यांचा शिष्य आजोबांच्या कानात काही बीजाक्षरं पुटपुटला आणि तीच फोनवर टाइप करून दिली. मग महाराजांनी डोळे मिटून फोनवर हात धरला.

"उघडा."

ॲप उघडलं. गेल्या कित्येक दिवसांचे हृदयाचे ठोके भराभर वर सरकले आणि आजोबांचे डोळे भरून आले. "आलं! आलं!" अशी कुजबूज जिन्यापर्यंत गेली.

"घरी गेल्यावर मौन मोडायचं नाही," महाराजांनी बजावलं. "पुढच्या दर्शनापर्यंत फोन असाच राहील. मनात शंका आली की दार पुन्हा बंद!"

हे सगळं आमच्या रुग्णालयात चाललं होतं. मी तिथे संगणक विभागात काम करते. रुग्णांच्या छातीवर एक पट्टी असते, ती ठोके मोजते, फोन ते ॲपकडे पाठवतो आणि हृदयविभागातल्या डॉक्टरबाई त्यावरून औषध कमीजास्त करतात. माणूस घरी झोपलेला असला तरी त्याच्या हृदयावर कुणाची तरी नजर असते. माझ्या आईच्या छातीवरही तीच पट्टी होती. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची.

मग एक दिवस बाहेरून ॲप उघडेनासं झालं. गंमत म्हणजे आमच्या टेबलावरच्या संगणकांवर ते व्यवस्थित चालत होतं. कुणाची तक्रार आली की आमचे लोक आपल्या पडद्याकडे बघून सांगत, "आमच्याकडे तर चालतंय." फोन ठेवला की विषय संपला.

थोड्याच दिवसांपूर्वी यंत्रखोली सांभाळणारे चावीकाका तिथल्या खुर्चीतच गेले होते. झालं! चावीकाका अजून आतच आहेत आणि कुणाला बाहेरून आत येऊ देत नाहीत, अशी आवई उठली. शिकलेसवरलेले लोक त्या दारावरून जाताना पाय उचलायला लागले. आमच्या साहेबांची तर पाचावर धारण बसली. त्यांनीच महाराजांना आणलं, आणि महाराजांनी पहिला हुकूम सोडला तो असा, की आतल्या यंत्रांना कुणी हात लावायचा नाही.

"साहेब, बाहेरून येणारा रस्ता कुठे तुटलाय तेवढा बघू द्या," मी म्हणाले.

"सेटिंगला बोट लावलंस तर उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले. यंत्रांचा माझा पासवर्डही त्यांनी काढून घेतला. चीड आली, पण करणार काय?

त्याच आठवड्यात रांगेत मला आई दिसली. धाप लागली होती, तरी तोंडावर समाधान.

"तू कशाला आलीस? ही नुसती फसवणूक आहे," मी तिला बाजूला ओढत म्हटलं.

"अगं हळू बोल! तुझ्या साहेबांचंच पत्रक आलंय. सगळ्यांनी या म्हणून."

"घरी गेलीस की ते विमान बंद कर. मला फोन कर. कबूल?"

"बरं बाई," ती म्हणाली. शिष्यानं काय सांगितलं ते विचारलं तर मान हलवली. "मंत्र सांगायचा नसतो."

त्यानंतर तिचा फोन लागेना. तिच्या शेजारच्या काकूंकडून निरोप आला की बरी आहे, मौन पाळतेय. मी रागानं म्हटलं, पाळू दे. रविवारी जाऊन तिचा फोन मीच सुरू करणार होते. रविवार अजून लांब होता.

इकडे डॉक्टरबाईंच्या पडद्यावर एकेका नावापुढे फक्त रिकामी ओळ उरली होती. त्या ओळीमागचा माणूस जिवंत आहे की नाही, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. साहेबांनी त्यांनाही "आमच्याकडे तर चालतंय" ऐकवलं. त्यांनी अंगातला पांढरा कोट काढला आणि त्या सरळ रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मीही त्यांच्या मागोमाग खाली गेले.

त्यांचा नंबर आला. विमान दाबून झालं. शिष्य कानात पुटपुटला आणि डॉक्टरबाईंनी मान वर केली.

"पुन्हा सांगा."

"बीजाक्षरं एकदाच देतात, माई."

"हा मंत्र मी रोज सकाळी टाइप करते," त्या म्हणाल्या, आणि आता सगळ्या तळघराला ऐकू जात होतं. "हा या इमारतीच्या वायफायचा पासवर्ड आहे!"

यंत्रखोलीच्या दारापाशी उभ्या असलेल्या साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. पासवर्ड त्यांनीच दिला होता, महाराजांना 'साधनेसाठी' लागतो म्हणून.

"बाई, लहरींचा उपहास करू नका," महाराज उठत म्हणाले. "आत जो आहे तो ऐकतोय."

"ऐकू दे. तुम्ही माझ्याबरोबर रस्त्यावर चला आणि तिथे ॲप उघडून दाखवा. मी उद्यापासून तुमच्या पाया पडेन."

"तिथे भूमी शुद्ध नाही."

"मग इथेच दाखवा." डॉक्टरबाईंनी मला खुणावलं आणि मी भिंतीवरच्या वायफायच्या डब्याची वायर उपटली. "द्या आता मंत्र."

महाराजांनी हात धरला, डोळे मिटले, कपाळाला घाम आला. ॲपचं चक्र नुसतं फिरत राहिलं. चाकांच्या खुर्चीतल्या बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे आम्ही एवढा जिना उतरून वायफायला आलो होतो?" कुणाला हसू आलं नाही.

साहेबांनी माझा पासवर्ड परत दिला. खरा बिघाड शोधायला मला चहा निवेल इतकाही वेळ लागला नाही, कारण महाराजांनी अर्धा शोध लावून ठेवलाच होता. विमान दाबून बाहेरचं नेटवर्क तोडलं की वायफायवर आतून उघडतं, बाहेरून उघडत नाही, म्हणजे ॲप धडधाकट आहे आणि बिघाड फक्त वेशीवर आहे.

असं ॲप एका यंत्रात बसलेलं नसतं. त्याचे कंटेनर, म्हणजे बंद डबेच म्हणा, अनेक यंत्रांच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या गटावर, मांडलेले असतात. एक यंत्र बंद केलं की क्लस्टर आपणहून ते डबे दुसऱ्यावर हलवतो. आतल्या संगणकांना आणि वायफायवरच्या फोनना नवी जागा लगेच कळते. बाहेरून येणाऱ्यांना मात्र आमच्या वेशीवरची यंत्रणा रस्ता दाखवते, आणि तिच्यात चावीकाकांनी एकाच यंत्राचा पत्ता हातानं लिहून ठेवला होता. ते गेल्यावर साहेबांनी त्यांचं जुनं यंत्र बंद करवलं. डबे शेजारी गेले, वेस मात्र प्रत्येकाला त्या मेलेल्या यंत्राकडे पाठवत राहिली. भूत वगैरे काही नव्हतं. पत्ता बदलायचा राहिला होता.

मी पत्ता बदलला. वर डॉक्टरबाईंच्या खोलीत पडदा एकेक ओळ करत जागा झाला. दूरदूरच्या घरांतून ठोके येऊ लागले. बहुतेकांनी घरी पोचताच मौन मोडलं होतं, कारण मुलाबाळांचे फोन यायचे असतात. मी आईचं नाव शोधलं. तिची ओळ रिकामीच होती.

फोन बंद. मी शेजारच्या काकूंना फोन केला. त्यांच्याकडे किल्ली असते. त्या बोलत बोलतच आईच्या घरात शिरल्या.

आई स्वयंपाकघरात पडलेली होती. श्वास चालू होता. रुग्णवाहिका वेळेत पोचली म्हणायचं, कारण ती वाचली. हृदयाचा जो भाग गेला तो काही परत येणार नाही, असं डॉक्टरबाईंनी मला खोलीबाहेर नेऊन सांगितलं. सकाळपासून छातीत दुखत होतं, आणि सगळा वेळ फोन तिच्या हातात होता.

"का नाही केलास फोन?" मी तिला विचारलं. मला रडू आवरेना.

ती म्हणाली, "मौन मोडलं असतं तर तुमचं ते ॲप पुन्हा बंद पडलं असतं. साहेबांनी तुलाच दोष दिला असता, तुझी नोकरी गेली असती गं."

महाराज तळघरातल्या गडबडीतच जिन्यानं निसटले होते. डॉक्टरबाईंनी पोलिसांत तक्रार दिली आहे. दुसऱ्या एका कचेरीत लहरी शुद्ध करायला कुणी येऊन गेल्याचं परवाच कानावर आलं.

म्हणून सांगते. चमत्कार दाखवणाऱ्याला दारापलीकडे घेऊन जा आणि तिथे तोच करून दाखवायला सांगा. जो म्हणेल की शंका घेतलीत तर वाईट होईल, त्याच्यावर सगळ्यात आधी शंका घ्या. यंत्र बिघडलं तर ते कुठे बिघडलंय हे शोधता येतं, फक्त शोधणाऱ्याचे हात बांधू नका. आणि छातीत दुखलं, तर कुणी कसलंही मौन दिलेलं असो, फोन करा.